नव्वद मिनिटांची सीडी आणि आपल्या घरातला प्लेअर



गटाच्या बैठकीत आजकाल बचत, कर्जवाटप आणि ठराव झाले की आणखी एक विषय निघतो. प्रशिक्षणाची सीडी कुणाकडे आहे, ती कुठल्या घरी लागते आणि कुठल्या घरी लागत नाही. रेडिओवरची भाषणं ज्या वस्तीवर ऐकू येत नाहीत, तिथे ती सीडीवर भरून पाठवायची पद्धत आमच्याकडे रुळली आहे. ओव्या, आरोग्याची माहिती, शेळीपालनाचं प्रशिक्षण असं सगळं. म्हणून आज आपण सीडीबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही बाजारात मिळणाऱ्या जास्त मिनिटांच्या कोऱ्या सीडीबद्दल. विषय दुकानदाराचा वाटेल, पण पैसे गटाचे जातात आणि ऐकायचं राहून जातं ते आपल्या बायांचं.

आधी आमच्या भागातली एक हकिकत. इथल्या एका गटाने गरोदर बायांसाठी सहा भाषणं ध्वनिमुद्रित करून घेतली. सगळी मिळून ८७ मिनिटं झाली. साधी कोरी सीडी ८० मिनिटांची असते, म्हणजे सात मिनिटं जास्त. दुकानदार म्हणाला, "ताई, दोन सीड्या कशाला करता? नव्वद मिनिटांची सीडी आहे माझ्याकडे, एकीतच बसवून देतो." खर्च निम्मा होणार म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? पंचवीस प्रती निघाल्या आणि वाड्यावस्त्यांवर गेल्या.

पुढे काय झालं ते ऐका. ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर सगळी भाषणं शेवटपर्यंत वाजली. टीव्हीखाली ठेवलेल्या एका डीव्हीडी प्लेअरवरही वाजली. बालवाडीतल्या टेप-कम-सीडी प्लेअरवर पाचव्या भाषणाच्या शेवटाला अडखळायला लागली. एका जीपमधल्या प्लेअरने तर सीडी आत घेतली, थोडी फिरवली आणि परत बाहेर ढकलली. आणि दोन वस्त्यांवर असं झालं की पाचवं भाषण संपलं आणि प्लेअर गपचूप थांबला. खरखर नाही, अडखळणं नाही. बायांना वाटलं कार्यक्रम संपला. त्या उठून कामाला गेल्या.

सहावं भाषण होतं धोक्याच्या खुणांचं. अंगावरून रक्त जाणं, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, झटके, पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणं. यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता आशाताईंना सांगायचं आणि दवाखाना गाठायचा. सहा भाषणांमधलं हेच कोणाचं चुकायला नको होतं, आणि नेमकं तेच दोन वस्त्यांवर पोचलं नाही. महिनाभर कुणाला पत्ताही नव्हता. पुढच्या बैठकीत एकीने सहाव्या भाषणातली गोष्ट काढली, तेव्हा दुसरी म्हणाली, "आमच्याकडे पाचच होती." मग वाद सुरू झाला. तुमचा प्लेअर खराब, तुम्ही सीडी नीट ठेवली नाही, पोरांनी हाताळली. खरं कारण वेगळंच होतं, आणि ते समजून घ्यायचं तर सीडीच्या पोटात काय असतं ते बघावं लागेल.

सीडी हातात घेतली तर खालची बाजू आरशासारखी दिसते. पण त्या आरशावर एक अतिशय बारीक सरी असते, गोल गोल फिरत गेलेली. आपण चकली पाडतो ना, आतून सुरुवात करून बाहेर वेढे घेत, तशीच. चकलीला चार-पाच वेढे असतात, सीडीला हजारो. दोन वेढ्यांमधलं अंतर किती? एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दीड-दोन भाग. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत साधारण चाळीस वेढे मावतील. ही चकली उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरच्या वर भरेल. प्लेअरच्या आत एक लेझरचा किरण असतो. तो खालून या सरीवर पडतो, परत फिरतो, आणि परत आलेल्या उजेडातल्या फरकावरून यंत्र आवाज तयार करतं.

आणि ही चकली आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे पहिलं भाषण मधल्या भोकाजवळ असतं आणि शेवटचं बाहेरच्या काठाला.

सीडीचे नियम सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून १९८० साली ठरवले. सीडी बाजारात आली १९८२ मध्ये, जपानात. त्या नियमांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ लाल होतं, म्हणून त्याला लाल पुस्तकच म्हणतात. पुढे घरी किंवा दुकानात भरता येणारी कोरी सीडी आली, तिच्या नियमांचं पुस्तक नारिंगी. नियमांप्रमाणे दोन वेढ्यांमध्ये १.६ मायक्रॉन अंतर ठेवायचं, म्हणजे मघाशी सांगितलेल्या हजार भागांतले एक पूर्णांक सहा दशांश. थोडं मागेपुढे चालतं. या मापाने सीडीवर ७४ मिनिटं बसायची. मग वेढे जरा जवळ घेऊन, दीड मायक्रॉनवर आणून, ८० मिनिटं बसवली. हे नियमांनी दिलेल्या सवलतीच्या अगदी कडेला आहे, पण आत आहे. ८० मिनिटांच्या सीड्या नव्या होत्या तेव्हा जुने प्लेअर त्यांनाही कुरकुर करायचे. आता तीच साधी सीडी झाली आहे.

नव्वद आणि नव्याण्णव मिनिटांच्या सीडीचं काय? सीडीचा आकार तोच, १२ सेंटिमीटर. मग जास्तीची मिनिटं आली कुठून? शेतावर चला, तिथे लगेच कळेल. रान तेवढंच आहे आणि जास्त ओळी पेरायच्या आहेत, तर काय कराल? पाभरीचं अंतर कमी कराल आणि बांधाच्या अगदी कडेपर्यंत पेराल. इथेही हेच केलं आहे. वेढे आणखी जवळ आणले, आणि काठाकडे जिथवर जागा आहे तिथवर गेले. पेरताना काही बिघडत नाही. बिघडतं कोळपणीला. कोळपं ठरलेल्या अंतराचं असतं. ओळी जवळ आल्या तर तरबेज माणूस हळू हळू नेईल, पण एखाद्याचं कोळपं शेजारच्या ओळीवर चढणारच. लेझरचा किरण म्हणजे प्लेअरचं कोळपं. काही प्लेअर बारीक अंतर सांभाळून चालतात, काही शेजारच्या वेढ्यावर जातात. तेव्हा आवाज उडी मारतो, अडखळतो किंवा थांबतो. म्हणून एकच सीडी एका घरी वाजते आणि दुसऱ्या घरी वाजत नाही. यात बाईचा दोष नाही आणि प्लेअरचाही नाही. प्लेअर नियमाप्रमाणे बनलेला आहे, नियम सीडीने ओलांडला आहे.

बिघाड शेवटालाच का दिसतो, तेही यातून कळतं. सगळ्यात बाहेरचा काठ थोडा वाकडा असू शकतो, फिरताना तिथे जास्त हेलकावा बसतो. हाताळताना बोटं काठालाच लागतात. आणि साध्या सीडीत जिथे काही लिहिलेलंच नसतं त्या पट्टीपर्यंत प्लेअरच्या लेझरला जावं लागतं. काही यंत्रांचा लेझर तेवढा बाहेर नीट जातच नाही.

आता एक गंमत सांगतो. कोरी सीडी तशी कोरी नसतेच. कारखान्यातच तिच्यावर सरी आखलेली असते, आणि त्या सरीत ठिकठिकाणी मिनिट-सेकंदाच्या खुणा लपवलेल्या असतात. भरणारं यंत्र आधी त्या वाचतं आणि ठरवतं की ही सीडी किती मिनिटांची. नारिंगी पुस्तकाप्रमाणे तिथे जास्तीत जास्त ७९ मिनिटं ५९ सेकंदांपर्यंतची क्षमता लिहिता येते. मग नव्वदवाल्या सीडीवर काय लिहिलेलं असतं? ऐंशीच्या आतलाच आकडा. म्हणजे सातबाऱ्यावर ऐंशी गुंठे आणि प्रत्यक्ष वहिवाट नव्वद गुंठ्यांची. भरणाऱ्या यंत्राला मुद्दाम सांगावं लागतं की सातबारा बघू नकोस, पुढे जात राहा. याला दुकानदार ओव्हरबर्न म्हणतात. निरोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय चालू करावी लागते. सगळी यंत्रं त्याला तयार होत नाहीत. काही मधेच थांबतात आणि सीडी वाया जाते. तिचे पैसे कुणी भरायचे, हे आधी विचारून ठेवलेलं बरं.

नव्याण्णववाल्या सीडीची अडचण आणखी पुढची. सीडीवर मिनिटांसाठी दोनच आकड्यांची जागा आहे, त्यामुळे ९९ च्या पुढे वेळ लिहिताच येत नाही. त्यात भर म्हणजे सगळ्यात आतल्या कडेला, पहिलं भाषण सुरू होण्याआधी, एक छोटा पट्टा असतो. त्यात अनुक्रमणिका असते. त्या पट्ट्याच्या सरीत नव्वदीच्या शेवटी शेवटी येणाऱ्या वेळाच आखलेल्या असतात. म्हणजे तेच आकडे आतल्या कडेलाही आणि बाहेरच्या काठालाही. एका गल्लीत एकाच नावाच्या दोन सखूबाई राहत असतील तर पोस्टमनने पत्र कुणाला द्यायचं? भरणारं यंत्र तसंच गोंधळतं. आमचं मत विचाराल तर नव्याण्णवची सीडी गटाने विकत घेऊच नये, फुकट दिली तरी भाषणासाठी वापरू नये.

कुणी म्हणेल, मग नव्वदच्या सीडीत सत्तरच मिनिटं भरूया, काठापर्यंत जायलाच नको. तसंही चालत नाही. सरी कारखान्यातच जवळ जवळ आखलेली असते, पहिल्या वेढ्यापासून. तुम्ही दहा मिनिटं भरा की सत्तर, कोळप्याला अंतर तेवढंच कमी मिळणार. त्या हकिकतीतल्या गटाकडे अशा नऊ-दहा कोऱ्या सीड्या उरल्या होत्या. त्या हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या रानात दोरीला टांगल्या. उन्हात चमकतात, पाखरं जरा लांब राहतात.

सीडीच्या पाकिटावर दोन आकडे असतात, त्याबद्दलही बऱ्याच जणी विचारतात. ८० मिनिटं आणि ७०० एमबी. मिनिटं आहेत साध्या ऑडिओ सीडीसाठी, एमबी आहेत कॉम्प्युटरच्या फाइलींसाठी. सीडीवर एका सेकंदाचे ७५ कप्पे असतात. ऑडिओ भरला तर पूर्ण कप्पा आवाजाने भरतो. फाइल भरली तर कप्प्यातली थोडी जागा चुका दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवतात, कारण आवाजात एखादा कण गळला तरी कानाला कळत नाही, हिशेबाच्या फाइलीत एक आकडा गळला तर पंचाईत. याच हिशेबाने ७४ मिनिटं म्हणजे ६५० एमबी, ९० मिनिटं म्हणजे सुमारे ८०० आणि ९९ मिनिटं म्हणजे सुमारे ८७०.

इथेच खरी वाट सापडते. ऑडिओ सीडीत आवाज अजिबात दाबलेला नसतो, दर सेकंदाला ४४,१०० मोजमापं, तीही डावी-उजवी दोन्हीकडची. पण तेच भाषण एमपी थ्री फाइल करून भरलं तर साधारण एका मिनिटाला एक एमबी लागतो. ७०० एमबीच्या साध्या सीडीवर सुमारे १२ तास बसतात! नुसतं बोलणं असेल, वाद्यं नसतील, तर आणखी निम्म्याने दाबता येतं आणि ऐकायला काही कमी वाटत नाही. म्हणजे ८७ मिनिटांसाठी नव्वदवाली सीडी घ्यायची गरजच नव्हती. साध्या सीडीतही ती एका कोपऱ्यात बसली असती.

पण लगेच आनंद करू नका. एमपी थ्री सीडी वाजायला प्लेअरला एमपी थ्री कळावं लागतं. डीव्हीडी प्लेअर बहुतेक वाजवतात. जुने सीडी प्लेअर वाजवत नाहीत, एक तर गप्प बसतात किंवा नुसता आकडा फिरवत राहतात. प्लेअरच्या पुढच्या बाजूला एमपी थ्री असं लिहिलेलं आहे का ते बघा. फाइलींना नावं देताना देवनागरीत देऊ नका, पुष्कळ प्लेअरना ती वाचता येत नाहीत. इंग्रजी अक्षरांत द्या आणि आधी आकडा टाका. तोही शून्य एक, शून्य दोन असा. नुसतं एक, दोन लिहिलंत तर काही प्लेअर एकनंतर एकदम दहावं भाषण लावतात आणि मग दुसरं.

आता प्लेअरचा विचार करू, कारण दुकानात सीडी घेताना आपण तो करतच नाही. गावात कुणाच्या घरी काय आहे याची यादी आधी करा. गटाच्या वहीत एक पान पुरेल. बालवाडीतला, देवळातला, जीपमधला, सरपंचबाईंच्या घरचा, शाळेचा कॉम्प्युटर. यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात अडून बसणारा कोणता, ते शोधा. सीडी त्याच्यासाठी बनवा. ज्याच्याकडे नवा प्लेअर आहे त्याच्याकडे काहीही वाजेल. ज्या वस्तीवर एकच जुनं यंत्र आहे, तिथल्या बायांना दुसरीकडे जायची सोय नसते, आणि आपली भाषणं असतात ती त्यांच्यासाठीच.

परत परत पुसून भरता येते ती सीडी-आरडब्ल्यू काटकसरीची वाटते, पण ती जुन्या यंत्रांना आणखी जड जाते. साधी भरलेली सीडी लेझरचा जेवढा उजेड परत पाठवते, त्याच्या निम्म्याहूनही कमी उजेड आरडब्ल्यू पाठवते. मिणमिणत्या चिमणीच्या उजेडात वाचायला लावण्यासारखं आहे. ती गटात हिशेबाची नक्कल ठेवायला वापरा, वस्तीवर पाठवायला नको.

डीव्हीडीचीही हीच कथा, थोडक्यात सांगतो. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची, त्यात बऱ्या चित्राचे साधारण दोन तास. कॉम्प्युटर तिला ४.३८ जीबी दाखवतो. फसवणूक नाही ती, दोघांची मापं वेगळी. कंपनी हजाराचा शेकडा धरते आणि कॉम्प्युटर १,०२४ चा. जास्त मावणारी ती डबल लेयर, ८.५ जीबीची. तिच्यात दोन थर एकावर एक असतात आणि वरचा वाचायला लेझरला खालच्या थरातून आरपार जावं लागतं, ओढणीतून बघावं तसं. उजेड कमी परततो, म्हणून जुने डीव्हीडी प्लेअर तिला नाकारतात किंवा थर बदलताना मधेच अडकतात. शेळीपालनाचा तीन तासांचा चित्रपट असेल तर दोन साध्या डीव्हीड्या कराव्यात. मराठी सिनेमे व्हीसीडीवर दोन-दोन, तीन-तीन तबकड्यांवर यायचे, आपण उठून बदलतच होतो की.

मग त्या गटाने काय केलं? सगळ्या जुन्या सीड्या परत मागवल्या आणि साध्या ८० मिनिटांच्या सीड्यांवर ऑडिओ भरून घेतला. दोन सीड्यांचा जोड केला, एकीवर तीन भाषणं, दुसरीवर तीन. खर्च वाढला, तो ठराव करून प्रवासखर्चातून वळवला. आणि एक शहाणपणाची गोष्ट केली. धोक्याच्या खुणांचं भाषण पहिल्या सीडीवर पहिल्या क्रमांकाला घेतलं. सीडीचा आतला भाग सगळ्यात सुरक्षित असतो हे आता आपल्याला माहीत आहे, आणि शेवटपर्यंत बसायला वेळ नसलेल्या बाईलाही पहिलं भाषण ऐकायला मिळतंच.

भरून घेताना दुकानदाराला तीन गोष्टी सांगायच्या. सगळ्यात जोराच्या वेगाने भरू नको, मधल्या वेगाने भर. भरून झाल्यावर सीडी बंद कर, म्हणजे फायनलाइझ कर. बंद न केलेली सीडी कॉम्प्युटरवर दिसते पण साध्या प्लेअरला दिसत नाही. आणि वर कागदी स्टिकर चिकटवू नको, फिरताना तोल जातो. नाव लिहायचं तर मऊ टोकाच्या मार्करने, बॉलपेनने नाही. सीडीची वरची बाजू आपल्याला निबर वाटते, पण आवाज धरून ठेवणारा थर तिच्याच खाली, पातळ लाखेच्या आड असतो. खालच्या बाजूचा ओरखडा पुष्कळदा चालून जातो, वरचा चालत नाही. पुसायची झाली तर मऊ सुती फडक्याने, मधून काठाकडे सरळ. गोल गोल पुसू नका. आणि पत्र्याच्या घरात खिडकीशी उन्हात ठेवू नका, रंगाचा थर उन्हाने उतरतो.

तपासायची कशी? शितावरून भाताची परीक्षा इथे उपयोगाची नाही. पहिलं भाषण लावून बघितलं आणि वाजलं म्हणून सीडी चांगली, असं होत नाही. शेवटचं भाषण लावा, आणि तेही त्याची शेवटची दोन मिनिटं. पाकीट उघडून पहिल्या प्रतीची तपासणी यादीतल्या सगळ्यात जुन्या प्लेअरवर करा, मगच बाकीच्या प्रती काढायला सांगा.

नव्या प्रतींच्या पाकिटावर त्या गटाने मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं आहे: "या जोडात एकूण ६ भाषणं आहेत. पहिल्या सीडीवर ३, दुसरीवर ३. कमी ऐकू आली तर गटाच्या सचिवांना सांगा, सीडी बदलून मिळेल." आतापर्यंत दोन सीड्या बदलून दिल्या आहेत. एक शेळीने चावली होती.